हात न लावता

पाकिटावर तिकीट लावण्यासाठी त्या माणसानं जीभ बाहेर काढली आणि यज्ञेश्वरची नजर तिच्यावरच खिळली. पांढरट, मधे भेगाळलेली, कडांना लालबुंद. पोष्टाच्या खिडकीच्या जाळीपलीकडं, फार तर हातभर अंतरावर. तिकीट ओलं झालं, पाकिटावर बसलं, अंगठ्यानं दाबलं गेलं, आणि तोच अंगठा पैसे पुढं सारायला जाळीखालून आत आला. वर्षानुवर्षांच्या सवयीनं यज्ञेश्वरनं हात पुढं केला. बोटाला बोट लागलं. ते बोट तापलं होतं, उन्हात ठेवलेल्या लोखंडासारखं. "थंडी वाजाय लागलीया सायेब," तो माणूस म्हणाला. उचगावचा असावा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "समद्या गावाला आलीया की. पोराला ममईला कळवाय आलतो, हिकडं येऊ नगंस म्हणून." आणि तो खोकला. तोंडावर हात न धरता, मोकळेपणानं, घरच्यासारखा. यज्ञेश्वरनं श्वास रोखला. किती वेळ रोखायचा हे त्याला कळेना. मागं रांग होती, पुढं जाळी होती, आणि आपला उजवा हात आपल्यापासून लांब, टेबलाच्या कडेला नेऊन ठेवावा तसा त्यानं ठेवून दिला.

सत्तावन्न सालचा जून होता. मद्रासेकडं फ्लूची साथ आल्याचं वर्तमानपत्रात येत होतं तोवर गावात त्याची थट्टाच चालली होती. तालमीतली पोरं शिंक आली की "फ्लू आला, फ्लू आला" म्हणून एकमेकांच्या अंगावर पडत. मग शाळा बंद झाल्या. गिरणीत निम्मी माणसं दिसेनात. पोष्टात टपाल वाटायला शिपाई मिळेनात. त्या दिवसापासून यज्ञेश्वरला वस्तू दिसायला लागल्या. आजवर त्या नुसत्या होत्या. आता त्यांच्यावर माणसं बसलेली दिसू लागली. सुतळीला बांधलेला सार्वजनिक टाक. लिहिता न येणारा माणूससुद्धा विचार करताना तो दातात धरायचा. डिंकाची वाटी, तिच्यात बुडालेली शंभर बोटं. दाराची कडी, सायकलची मूठ, पाण्याच्या माठावरचा पेला. दशमान पद्धतीचे 'नये पैसे' तेवढे त्याला बरे वाटत. एप्रिलमधेच आलेले, लखलखीत, अजून फार हातांतून न गेलेले. जुना आणा पुढं आला की तो कागदाच्या कपट्यानं ओढून घ्यायचा. लोक हसत. हसू देत, तो मनात म्हणायचा. तुमच्याकडं गमवायला अजून सगळं शिल्लक आहे, म्हणून हसताय.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्याचं बिऱ्हाड होतं. रस्त्याला लागून ओसरीसारखा सोपा, मागं दोन खोल्या. घरात बायको कालिंदी, चार वर्षांची नंदिनी आणि वडील. वडिलांना सगळी पेठ आण्णा म्हणायची, तसा तोही म्हणायचा. जन्मभर मास्तरकी करून आता ते सोप्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत. यज्ञेश्वरनं घराला नियम घातले. पोष्टातून आल्यावर तो दारातच कपडे उतरवी आणि बादलीत टाकी. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध पाण्यात कालवून त्यात हात बुडवी. त्याची नखं तपकिरी झाली होती. नंदिनीच्या गळ्यात कापराची पुरचुंडी. भाजी आधी उंबऱ्याबाहेर, मग मिठाच्या पाण्यात, मग घरात. वर्तमानपत्र उन्हात. नंदिनी त्याच्याकडं धावत आली की तो दोन्ही हात वर करून भिंतीला टेकायचा आणि ओरडायचा, "कालिंदी, हिला धर!" पोरीला पहिल्यांदा तो खेळ वाटला. मग ती यायचीच बंद झाली. शेजारचा हंबीरराव, ज्याची लाकडाची वखार होती, तो दारातून म्हणायचा, "काय पोष्टमास्तर, आज वैनींस्नी उकळलं का न्हाय?" यज्ञेश्वर हसायचा आणि हंबीररावानं चौकटीला लावलेला हात कुठं होता ते लक्षात ठेवायचा. तो गेल्यावर तेवढी जागा पुसायची असे.

वेडा नव्हता तो. वेडाला कारण लागत नाही, आणि त्याच्याकडं कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला श्रीपाद नावाचा मुलगा होता. चैत्रात आण्णा त्याला खांद्यावर बसवून जोतिबाच्या यात्रेला घेऊन गेले. गुलालानं माखून परत आले तेव्हा पोराच्या तोंडात पत्र्याची पिपाणी होती. ती वाजते की नाही हे दाखवायला दुकानदारानं आधी स्वतः फुंकली होती आणि तशीच पोराच्या हातात दिली होती. आण्णांनीच हे कौतुकानं सांगितलं. "असली फुंकली पठ्ठ्यानं, सगळा डोंगर ऐकंल!" आठ दिवसांत श्रीपादच्या घशात पांढरा पडदा धरला. डॉक्टर घटसर्प म्हणाले. हिंदकळत्या टांग्यात त्याला घेऊन जाताना त्याच्या घशातून जो आवाज येत होता, तो यज्ञेश्वर अजून ऐकत असे. पिपाणीनंच झालं कशावरून, असं डॉक्टर म्हणाले. हवेतूनही होतं, शाळेतल्या पोरांकडूनही होतं. यज्ञेश्वरनं मान हलवली. पण त्याच्या मनात निकाल लागून गेला होता. आण्णांनी मारलं. हे वाक्य तो कधी उच्चारला नाही. वडील आपल्या नातवासाठी गुडघ्यात डोकं घालून रडत असलेले त्यानं पाहिले, त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, आणि ठेवला नाही. तेव्हापासून तो हात तसाच राहून गेला होता.

आणि आण्णा काही शिकत नव्हते. साथ ऐन भरात असताना ते रोज संध्याकाळी काठी घेऊन गंगावेशीत जायचे. तिथं गवळी म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. तालमीतले पैलवान, कोर्टातले कारकून, देवळातून येणारे म्हातारे, सगळे तिथं उभ्यानं पितात आणि मिशांचा फेस पुसतात. आण्णांची ती तीस वर्षांची सवय. यज्ञेश्वरनं त्यांना दारातच अडवलं.

"आण्णा, साथ जाईतोवर दूध बंद."

"अरे, थानातून थेट पेल्यात. मधे वारासुद्धा शिवत नाही. तुला पाहिजे ते याहून स्वच्छ काय असणार?"

"आणि पेला?"

"पेला विसळतो की तो."

"एकाच बादलीत. शंभर माणसांचा."

"मग काय दर पेल्याला पंचगंगेवर जाऊ दे गवळी?" आण्णा हसले, आणि मग मुलाचा चेहरा बघून हसू आवरलं. "यज्ञा, असं जगाला भिऊन कसं व्हायचं रे?"

तुम्ही भ्याला नाहीत म्हणूनच तर. हे त्याच्या ओठांवर आलं होतं. आण्णा थांबून राहिले, जणू ते यायची वाट बघत होते. ते आलं नाही. आण्णा काठी टेकत निघून गेले आणि चौथ्या की पाचव्या दिवशी अंगावर शाल घेऊन, दात वाजवत परत आले.

सोप्यात त्यांची बाज होती, तीच त्यांची खोली झाली. मधल्या उंबऱ्यावर यज्ञेश्वरनं फिनेलचं पोतेरं अंथरलं. कालिंदीला बजावलं की ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि बांबूच्या काठीनं पुढं सारायचं, हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, नंदिनीला तर उंबऱ्याकडं फिरकूही द्यायचं नाही. "माझी शपथ आहे," तो म्हणाला. कालिंदी गप्प राहिली. ती दोन वर्षं बरीचशी गप्पच होती, त्यामुळं त्याला त्यात काही वेगळं दिसलं नाही. पोष्टाला सुट्टी घेता येत नव्हती. निम्मी माणसं आजारी होती. तो सकाळी परसदारानं जाई, संध्याकाळी तिथूनच येई, आणि आल्यावर आण्णांचं पाणी तो स्वतः पाही. त्यांचा पितळी पेला बाजेशेजारच्या पाटावर असे. तो नाकातोंडावर उपरणं बांधून उंबऱ्यापुढं एकच पाऊल जाई, तांब्या उंच धरी आणि वरून धार सोडी. पेल्याला तांब्या लागत नसे. एक थेंब इकडंतिकडं होत नसे. त्याचं त्याला समाधान होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात आणखीही काही होतं. आण्णा तापलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत आणि तो धारेकडं बघे. त्याला एक प्रकारचं बरं वाटे. आता कळलं ना, असं ते बरं वाटणं होतं. त्याची त्याला लाज वाटायची, पण लाज वाटायच्या आत ते वाटून गेलेलं असायचं.

तांब्या उंच धरायची ती ढब त्याला ओळखीची होती. पहिल्या दिवशीच होती, पण कुठली ते आठवायला दोन दिवस गेले. कोडोलीची शाळा. तो सातआठ वर्षांचा, आण्णा तिथं हेडमास्तर. शिवाशिव पाळू नये असा कायदा झालेला होता, पण कायदा कोल्हापुरात आणि माठ कोडोलीत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पोरं भिंतीशी ओळीनं ओंजळ करून उभी राहत आणि शिपाई वरून पाणी घाली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे आणि पोरं कोपरं चाटत. एक दिवस आण्णांनी शिपायाच्या हातातला तांब्या घेतला, पेला भरला आणि ओळीतल्या पहिल्या पोराच्या हातात दिला. पोरगं पिईना. आण्णांनी पाठीवर थोपटलं तेव्हा प्यालं. मग त्याच पेल्यात उरलेलं पाणी आण्णा सगळ्या शाळेदेखत प्यायले. घरी आजीनं त्यांना अंघोळ केल्याशिवाय आत घेतलं नाही. ते मुकाट्यानं नाहले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. यज्ञेश्वरला वडिलांचा तेव्हा अभिमान वाटला होता की भीती, हे त्याला नीटसं आठवेना. दोन्ही असावं. वर्गात बसून तो वडिलांच्या ओठांकडं बघत होता, त्यांना काही होतंय का म्हणून.

आठवलं त्या संध्याकाळी त्यानं तांब्या जरा खाली धरला. मग त्याचं मन त्यालाच रागावलं. ते वेगळं, हे वेगळं. तो अडाणीपणा होता, हे शास्त्र आहे. तिथं विटाळ होता, इथं जंतू आहेत. जंतू सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून दिसतात. पटण्यासारखंच होतं ते, आणि तरीही त्याला ते पुन्हा पुन्हा स्वतःला समजावून सांगावं लागत होतं. पोष्टात तिकिटं फाडताना, सायकल हाणताना, जेवताना. दोन्हीकडं माणूस मात्र तहानलेला आणि खाली बसलेला, हे काही त्या समजावण्यात बसेना.

ताप उतरला नाही. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर येऊन गेले, सुई टोचली, म्हणाले वय झालंय, फुप्फुसांत उतरलंय. त्यानंतरची ती संध्याकाळ. बाहेर झिमझिम लागलेली, सोप्यात अंधारून आलेलं. यज्ञेश्वर तांब्या घेऊन पुढं झाला तर पाटावर पेला नव्हता. तो पलीकडं, बाजेच्या पायाशी ठेवलेला होता. आण्णा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मुलाकडं पाहिलं आणि दोन्ही हात जोडून पुढं केले. ओंजळ. बोटं चिकटवलेली, मनगटं जुळवलेली, मान किंचित खाली. अगदी तशी. हात कापत होते.

यज्ञेश्वरनं तांब्या घट्ट धरला. टोमणा. मरायला टेकलेत आणि तरी मास्तरकी. मला त्या शिपायाच्या जागी उभं करतायत. मी माझी पोर वाचवतोय आणि हे मला कोडोली दाखवतायत. एकदा वाटलं, तांब्या फेकावा आणि ते हात हातात घ्यावेत. ते नुसतं वाटणं नव्हतं, पाऊल उचललंही गेलं. मग आतून नंदिनीच्या बांगड्या वाजल्या आणि पाऊल होतं तिथंच टेकलं. त्यानं तांब्या उंच धरला आणि धार सोडली. आण्णा प्यायले. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, कोपरावरून बाजेवर. "पुरे," आण्णा म्हणाले. त्यानं धार थांबवली, आत गेला आणि साबणानं हात धुतले. रागानं, पुन्हा पुन्हा, कातडी चुरचुरेपर्यंत.

दोन दिवसांनी सकाळी खिडकीवर गर्दी असताना हंबीरराव पोष्टात आला. जाळीला तोंड लावून म्हणाला, "चला. काय घ्यू नका बरोबर. नुसतं चला." यज्ञेश्वर पोचला तेव्हा श्वास चालला होता, पण लांब लांब. शेजारपाजारचे सोप्याच्या दाराशी उभे होते. कालिंदी बाजेशी होती. त्याला बघताच ती मागं सरकली. कुणीतरी त्याच्या हातात पाण्याची पळी दिली, तुळशीचं पान दिलं. मुलानं घालायचं असतं. तो बाजेशी गेला, वाकला, आणि त्याचा हात वितभर वरच थांबला. त्यानं थांबवला नाही, थांबला. पळी कलंडली. पाणी ओठांवर पडलं, गालावरून कानाकडं गेलं, पान गळ्याशी पडलं. सगळे बघत होते. हंबीरराव पुढं झाला, आपल्या भल्यामोठ्या पंज्यानं आण्णांचा गाल पुसला, पान उचलून ओठांत ठेवलं आणि म्हणाला, "आण्णा, निवांत जावा. पोरगं आलंय बगा." अंघोळ घालायला, बांधायला तालमीतली पोरं होती. यज्ञेश्वरच्या हातात विस्तवाचं मडकं होतं. रस्ताभर त्याला त्या मडक्याचा आधार वाटला; विस्तवाला काही चिकटत नाही.

मग त्यानं घर हाती घेतलं. गादी, उशी, शाल, धोतरं परसात नेऊन जाळली. बाजेच्या दोऱ्या सोडून जाळल्या, चौकट फिनेलनं धुऊन उन्हात उभी केली. पेला आणि ताट राखेनं घासून उकळलं. आण्णांची हातातली काठी उकळत्या पाण्यानं धुतली. चष्मा जांभळ्या पाण्यात बुडवून ठेवला तो काढायचा राहिला आणि त्याच्या कड्या काळवंडल्या. पुस्तकं धुता येत नाहीत म्हणून ती गेली. आण्णा जिथं डोकं टेकत तिथं भिंतीवर तेलाचा डाग पडला होता. त्यानं चुना आणून त्यावर दोन हात मारले. कालिंदी दारातून बघत होती. एकदाही थांब म्हणाली नाही. हे सगळं होईतो तेरावं उरकलं, पाहुणे गेले, आणि पेठेतली साथही ओसरली.

त्या दुपारी कालिंदी तांदूळ निवडत बसली होती. नंदिनी तिच्याशेजारी झोपली होती. यज्ञेश्वरला पहिल्यांदाच छाती भरून श्वास घेता आला.

"अख्ख्या पेठेत एक घर सुटलं नाही," तो म्हणाला. "आपल्या नंदीला साधी शिंकसुद्धा आली नाही. आण्णांचं वय होतं. पण केलं त्याचं चीज झालं म्हणायचं."

कालिंदीचे हात थांबले.

"काय केलंत तुम्ही?"

"म्हणजे?"

"तुमची सायकल गल्लीतनं बाहेर पडली की मी सोप्यात जात होते," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. तांदळाकडं बघूनच बोलत होती. "रोज. अंग पुसायचे, भरवायचे. शेवटी शेवटी मांडीवर डोकं घेतल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नव्हता. नंदीला ते लांब ठेवा म्हणायचे, पण ती कुठली ऐकते? त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपायची. तुमची शपथ मोडली मी. मोडली तर मोडली."

त्याची नजर आधी नंदिनीच्या कपाळाकडं गेली. घाम नव्हता, ताप नव्हता. गाढ झोपली होती. मग राग यायला हवा होता. तो येईना.

"संध्याकाळी तुमच्या सायकलची घंटा वाजली की तेच म्हणायचे, जा मुली, आत जा. पोरीचे हातपाय धू, कापूर गळ्यात घाल. यज्ञा आला. तो भिईल. बांबू दाराशी ठेव, ताट लांब सरकव. सगळं तुमच्या मनासारखं मांडून ठेवायला लावायचे."

"आणि ती ओंजळ?" त्याला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. "त्या दिवशी पेला बाजूला ठेवून ओंजळ केली होती त्यांनी."

"मीच ठेवला होता बाजूला, त्यांनी सांगितलं म्हणून. म्हणाले, आज हात फार कापतोय. पेला कलंडला तर यज्ञाच्या पायावर पाणी उडेल, आणि रात्रभर झोपणार नाही तो. त्यापेक्षा मी ओंजळ करतो." सुपातला एक खडा तिनं उचलला आणि खाली ठेवला. "मला म्हणाले होते, त्याला हे कधी सांगू नकोस. एक पोर गेलंय त्याचं. पण तुम्ही चीज म्हणालात, मग मला राहवलं नाही."

तो उठून सोप्यात गेला. त्या सगळ्या आजारपणात घरात सगळ्यांनी आण्णांना हात लावला होता; बाहेर राहिला होता तो एकटा, आणि त्याला बाहेर ठेवण्यासाठी आजारी माणसानं धडपड केली होती. त्याला आता काहीतरी हातात धरायचं होतं. त्यानं पेला घेतला. तो आरशासारखा चकचकीत होता आणि त्याला राखेचा वास येत होता. काठीची मूठ धरली. ती पांढरी पडली होती. बाजेच्या चौकटीवर, खिडकीच्या गजांवर, कोनाड्यात त्यानं तळहात टेकून पाहिला. भिंतीपाशी बसून डोकं टेकलं तर केसांना चुना लागला. मग तो गुडघ्यांवर बसून जमिनीवर हात फिरवू लागला, कोपऱ्याकोपऱ्यातून, बाजेच्या खुणांपर्यंत. सगळीकडं फिनेल होतं. आण्णांचा हात लागलेली एकही जागा त्यानं घरात शिल्लक ठेवली नव्हती.